आग्रा रोडजवळचा बंगला विकायचा आहे

धुळ्यात आग्रा रोडपासून चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर माझ्या मामांचा बंगला आहे आणि तो आता विक्रीला काढला आहे. मामा-मामी पुण्याला मुलाकडे राहायला गेले. घर बंद ठेवले की वाळवीचे आणि चोरांचे सारखेच फावते, त्यामुळे विकण्याच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती किमतीच्या हिशेबाबद्दल. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक दलालाने प्लॉटचे क्षेत्रफळ विचारले, समोरच्या रस्त्याची रुंदी विचारली, कोपऱ्याचा प्लॉट आहे का हे पाहिले. घरात मात्र कोणी पाण्याचा पेला रिकामा होण्यापलीकडे थांबले नाही. एकाने तर पायरीवरूनच सांगून टाकले, “ताई, घरना काय पैसा? जागाना पैसा शे.” त्याच्या हिशेबात बांधकामाची किंमत शून्य, आणि वर पाडण्याचा व राडारोडा उचलण्याचा खर्च जागेच्या भावातून वजा.

घर १९६१ सालचे आहे. गच्चीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये उठावाने काढलेला आकडा अजून स्पष्ट वाचता येतो. त्या काळातल्या अशा घरांना अमेरिकेत ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात आणि तिथे त्यांची वेगळी बाजारपेठ आहे. जोसेफ आयक्लर या विकसकाने कॅलिफोर्नियात मध्यमवर्गासाठी बांधलेली सपाट छताची, मोठ्या काचांची सुमारे ११ हजार घरे आज गिऱ्हाईक नावानिशी शोधत येते. आपल्याकडे ही वास्तुशैली चंदीगड आणि अहमदाबाद या शहरांमुळे माहीत झाली. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी ल कॉर्बुझिए यांच्याकडून आपल्या संघटनेची इमारत १९५४ साली बांधून घेतली. आमच्या घरामागे असा कोणी नामवंत वास्तुविशारद नाही. मुंबईत शिकून आलेल्या एका स्थानिक इंजिनिअरने नकाशा काढला आणि मामांच्या वडिलांनी कापसाच्या व्यापारातल्या पैशातून, परवान्यावर मिळणाऱ्या सिमेंटची वाट पाहत, ते उभे केले. सिमेंटवर सरकारी नियंत्रण असण्याचा तो काळ होता, आणि ते नियंत्रण अंशतः उठायला १९८२ साल उजाडले. एवढ्या मिनतवारीने मिळालेला माल असल्यामुळेच असेल, पण त्या घरात सिमेंट कुठेही उगाच थापलेले नाही.

पोर्चवरचा स्लॅब एकाच तिरक्या खांबावर पुढे झेपावलेला आहे. जिन्याच्या पूर्ण उंचीला सिमेंटची जाळी आहे आणि सकाळी नऊच्या सुमारास तिची नक्षी समोरच्या भिंतीवर तिरपी उतरते. खिडक्यांभोवती पेटीसारखी बाहेर आलेली चौकट आहे, तिच्यामुळे दुपारचे ऊन काचेपर्यंत पोहोचत नाही. दारे सागवानी आणि कड्या पितळेच्या, कपाटे भिंतीतच बसवलेली. सगळ्यांत मोलाची आहे ती दिवाणखान्यातली मोझेक फरशी: फिकट पिवळ्या सिमेंटमध्ये पांढरी, तांबूस आणि काळी संगमरवरी खडी, कडेने चार बोटे रुंद काळी पट्टी. अशी फरशी बसवल्यानंतर दगडाने पाणी टाकून घासावी लागते, आणि ती झिजली तरी खालून पुन्हा तीच खडी वर येते, म्हणून साठ वर्षांनंतरही एकदा मशीनने घासून घेतली की ती नव्यासारखी दिसेल. हल्लीच्या चकचकीत टाइल्सचा एखादा तुकडा फुटला तर तोच रंग पुन्हा बाजारात मिळत नाही, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

सपाट छत ही खान्देशाला परकी गोष्ट नव्हती, हे या घरांबद्दल बोलताना सहसा कोणी सांगत नाही. आपल्या गावांतली धाब्याची घरे सपाटच असतात. लाकडी सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांच्यावर खाऱ्या मातीचा जाड थर, आणि पावसाळ्याआधी त्यावर नव्या मातीचा हात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणे, पापड-कुरडया आणि मिरच्या वाळवणे हे सगळे धाब्यावर चालतच होते, ते स्लॅबवर आले इतकेच. फरक पडला तो उष्णतेत. मातीचा थर ऊन अडवतो, काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडत राहतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की वरच्या मजल्यावर झोपणे कठीण होते, हे मी विकणाऱ्यांच्या बाजूची असूनही सांगते. त्या इंजिनिअरला याची कल्पना असावी, कारण खोल्यांची उंची भरपूर आहे, समोरासमोर खिडक्या आहेत आणि स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा आहे.

जागेबद्दल मात्र दलालांचेच खरे. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१८ नंतर धुळ्याला खान्देशच्या कलेक्टरीचे ठाणे केले, व्यापाऱ्यांना बोलावून वसवले, आणि आज नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ, समांतर गल्ल्यांचे शहर त्यातूनच वाढले. या आखणीमुळे इथे रस्ता चुकत नाही आणि कुठे जायला वाहन लागत नाही. भाजी, किराणा, बँक, दवाखाना, गरुड वाचनालय, पाचकंदीलचा कापडबाजार, सगळे पायी आटोपते. साठीच्या पुढे मामींनी रिक्षा केली ती फक्त स्टेशनला जाण्यासाठी. देवपूरपलीकडच्या नव्या कॉलन्यांत प्लॉट मोठे आहेत, पण दुधाची पिशवी आणायलाही स्कूटर काढावी लागते. गंमत अशी की जाहिरातीत ‘प्रशस्त पार्किंग’ ठळक छापतात आणि चालत जाता येण्याला कोणी भाव लावत नाही.

पोर्च फिएटच्या मापाचा आहे, हल्लीची उंच-रुंद गाडी त्यात शिरणार नाही. वायरिंग जुनी, लाकडी पट्ट्यांवरची आहे. ती आणि लोखंडी नळ पूर्ण बदलावे लागतील. संडास मागच्या अंगणात आहे. न्हाणीघरावरच्या स्लॅबच्या सळ्या गंजून पोपडे सुटले आहेत, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतल्याशिवाय कोणी इसार देऊ नये, असे आम्हीच सांगतो. नळाला रोज पाणी येत नाही, पण जमिनीखालची टाकी मोठी आहे.

मामांपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. एका बिल्डरला घर पाडून चार मजले चढवायचे आहेत. दुसरे एक डॉक्टर दांपत्य खाली दवाखाना काढून वर राहू इच्छिते. त्यांची रक्कम कमी आहे, पण त्यांनी घर दोनदा येऊन पाहिले आणि दुसऱ्या खेपेला फरशी घासणारा कारागीरही सोबत आणला. मामांचा कल त्यांच्याकडे आहे, मामेभावाचा बिल्डरकडे. मुंबईच्या मावशीचे हक्कसोडपत्र नोंदवून झाले आणि प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावे चढली की साठेखत होईल. तोपर्यंत तिसऱ्या गिऱ्हाइकाला वाव आहे. घर पाहायला यायचे असेल त्याने मात्र भर दुपारीच यावे, म्हणजे वरचा मजला किती तापतो आणि खालच्या खोलीत किती वारा येतो, हे दोन्ही एकाच फेरीत कळेल.