काकांना डीव्हीडी मारून देताना

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरात टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेअर आहे. त्याला प्लास्टिकचं कव्हर, रिमोटला पिशवी. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून काकी तो अधूनमधून नुसताच चालू करून ठेवते. काका पूर्वी दशावतारी कंपनीत मृदंग वाजवायचे. हात थरथरायला लागले तेव्हापासून वाजवणं बंद. यंदा त्यांना जत्रेलाही जाता आलं नाही. चुलतभावाने देवळासमोर मोबाइल स्टँडवर लावून सगळं नाटक टिपलं आणि काकांचं मला फर्मान आलं, "बाय, माका हेची डीव्हीडी मारून दी."

मोबाइलवर बघा, असं म्हणण्यात अर्थ नव्हता; तेवढ्याशा पडद्यावर त्यांना दिसत नाही. घर व्हाळाच्या खोलगटात, त्यामुळे नेटच्या नावाने बोंब. पेनड्राइव्हही लावून बघितला. प्लेअरला यूएसबीचं भोक आहे, पण मोबाइलवरचा एच.264 या नव्या पद्धतीचा व्हिडिओ त्याच्या ओळखीतला नाही. फाइलचं नाव दाखवतो आणि गप्प बसतो.

मी कुडाळला असते. घरी जुना डेस्कटॉप, विंडोज 10 आणि कित्येक वर्षांत न उघडलेला डीव्हीडी रायटर. एक डिस्क मारायची, त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं. पंधरा दिवस गेले.

पहिली डिस्क मी विंडोजवरच मारली. कोरी डिस्क घातली की ते विचारतं, यूएसबीसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरवर लावायची. मी न वाचता पहिल्यावर क्लिक केलं. दुसऱ्या खेपेला नीट वाचून दुसरा पर्याय घेतला. दोन्ही वेळा काकांचा फोन आला, "ह्या 'नो डिस्क' म्हणता. डिस्क तर आत घातलंय मी."

घोळ माझ्या समजुतीतच होता. फाइली डिस्कवर ओढून टाकल्या की होते ती डेटा डीव्हीडी. ती कॉम्प्युटरला कळते, काही नव्या प्लेअरांनाही कळते. जुन्या प्लेअरला लागते व्हिडिओ डीव्हीडी. तीत चित्र एमपीईजी-2 या जुन्या पद्धतीत असतं, सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरात ठरल्या पद्धतीने मांडलेलं असतं आणि त्यातली एकेक व्हिडिओची फाइल (व्हीओबी) 1 जीबीच्या आत असते. म्हणजे डिस्कवर लिहिणं हे शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम. त्याआधीची मांडणी कोण करून देणार, यावर सॉफ्टवेअर निवडायचं, हे मला दोन डिस्क वाया गेल्यावर कळलं.

तेव्हा आठवलं ते विंडोज डीव्हीडी मेकर. विंडोज 7 वर त्यात मी भाचीच्या बारशाची डिस्क केली होती. अर्धा तास स्टार्ट मेनू उलथापालथा केला. विंडोज 8 पासून ते काढूनच टाकलंय. मग नीरो, डिस्क लिहायचं जुनं सॉफ्टवेअर. एके काळी रायटरच्या खोक्यातच त्याची सीडी यायची. (नीरो बर्निंग रॉम या नावातली गंमत, रोम जाळणारा नीरो, माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा शिरली.) पण ते विकतचं, आणि एका नाटकासाठी एवढा खर्च कशाला? फुकटातलं सीडीबर्नरएक्सपी डेटा आणि गाण्यांच्या डिस्कना चांगलं आहे. मोबाइलची फाइल घेऊन तिची व्हिडिओ डीव्हीडी बनवणं हे त्याचं कामच नाही. एका भलत्याच सॉफ्टवेअरचं नाव इथे घेत नाही. 'फ्री' म्हणून उतरवलं, अडीच तास राबवलं आणि नाटकातल्या संकासुराच्या छातीवर स्वतःच्या कंपनीचा शिक्का मारून दिला.

शेवटी डीव्हीडीस्टायलरवर येऊन थांबले. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोजवर चालतं आणि लिनक्सवरही. व्हिडिओ आत ओढायचे, टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी पाल की एनटीएससी ते सांगायचं, मेनू हवा तर ठेवायचा. मी मेनू काढूनच टाकला. चष्मा शोधून, रिमोटचे बाण दाबून 'प्ले'पर्यंत जाणं काकांच्याने होणार नव्हतं. डिस्क घातली की नाटकाच्या सुरुवातीचा गणपती दिसायला हवा.

जागेचं गणित मात्र स्वतःच करावं लागलं. साध्या डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं. विंडोज तीच जागा 4.37 दाखवतं, कारण ते 1024 च्या पटीत मोजतं. आमचं रेकॉर्डिंग तीन तास दहा मिनिटांचं. एका डिस्कवर कोंबून पाहिलं तर सेकंदाच्या चित्राच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन मेगाबिट आले आणि काळ्या वेशातला संकासुर मागच्या काळोखात चौकोन चौकोन होऊन विरघळला. दोन डिस्क केल्या, तेव्हा दुप्पट मिळाले आणि त्याला पुन्हा हातपाय फुटले.

या सगळ्या चाचण्या मी डीव्हीडी-आरडब्ल्यूवर केल्या. ती पुसून पुन्हा लिहिता येते. हे आधीच सुचलं असतं तर पैसे वाचले असते. नशिबाने काकांच्या प्लेअरने ती वाचली. सगळेच जुने प्लेअर वाचतात असं नाही.

चित्र आलं, आवाज आला. मी खूश होऊन घरी फोन केला.

"बाय, थाप पडूच्या आधीच आवाज येता. मृदंग वाजयता कोण, तो की आनी कोण?"

मला तर काहीच जाणवलं नव्हतं. कानाला हेडफोन लावून बसले. सुरुवातीला ठीक. तासाभराने मृदंगी हात उचलतोय आणि धुम्म आधीच वाजून गेलेलं. मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाही, हे त्यामागचं कारण निघालं. उजेड कमी झाला की तो 30 वरून खाली येतो, दिवा समोर आला की परत वर जातो. डीव्हीडीला मात्र पालमध्ये 25 आणि एनटीएससीमध्ये 29.97 असा पक्का हिशेब लागतो. मधला फरक साठत जातो. एरवीच्या समारंभात हे कुणाच्या ध्यानातही येत नसेल. इथे ऐकणारा मृदंगी होता.

उपाय साधा निघाला. सगळ्या फाइली आधी हँडब्रेकमधून काढल्या, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) 29.97 आणि 'कॉन्स्टंट', म्हणजे कायम तोच, करून. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, फक्त फाइल सरळ करून देतं. ती मग डीव्हीडीस्टायलरमध्ये एनटीएससीने. आपल्याकडे पाल चालतं, मग एनटीएससी कशाला, असं भाऊ म्हणाला. त्यात आडव्या रेघा 576 ऐवजी 480 च, हेही खरं. पण 30 चं 25 करताना चित्रं गाळावी लागतात आणि लढाईच्या नाचात पात्रं ठेचकाळतात. प्लेअर दोन्ही वाचतो. मला नाच सरळ हवा होता.

त्यात एकदा काम नव्वद टक्क्यांवर असताना लाईट गेली. यूपीएस नाही. अडीच तास पाण्यात. तेव्हापासून डीव्हीडीस्टायलरला थेट डिस्कवर लिहायला सांगत नाही. आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, बनवून घेते. ती हार्ड डिस्कवर असली की पुढे काही बिघडलं तरी फार तर एक डिस्क जाते. आयएसओ विंडोज स्वतःही लिहितं, पण वेग विचारत नाही. म्हणून लिहायला इमेजबर्न घेतलं: वेग 4एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट, आणि 'व्हेरिफाय'ची खूण केलेली. 16एक्सवर मारलेली डिस्क काकांच्या प्लेअरवर मध्येच अडखळत होती. 4एक्सला भरलेली डिस्क पंधरा मिनिटांत होते, तपासणीचा वेळ वेगळा. काम फत्ते झालं की इमेजबर्न एक सूर वाजवतं. तो ऐकून आमचं मांजर दर वेळी पळायचं.

रविवारी दोन्ही डिस्क घेऊन मी स्वतःच गेले. काका खुर्चीत, मी मोड्यावर. त्यांचं लक्ष पात्रांकडे नव्हतंच. चौकटीच्या कडेला अर्धवट दिसणाऱ्या मृदंग्याच्या हातांकडे होतं. पहिली डिस्क संपली, काही बोलले नाहीत. दुसरी अर्ध्यावर आल्यावर त्यांनी रिमोट मागितला, थोडं मागे नेलं, परत ऐकलं. माझ्या पोटात गोळा आला.

"आवाज आता बरोबर असा," काका म्हणाले. "मृदंगीच मागे पडता."

मग जरा थांबून, "आनी एक कॉपी काढ. तेका दी. बसान ऐकांदे मेल्याक."

दोन्ही आयएसओ ठेवलेल्या होत्या. डिस्कमागे पंधरा मिनिटांचं काम.