तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सॅटला एकच पंख का?

शाळांमध्ये हवामानाच्या उपग्रहांवर बोलायला गेलो की इन्सॅट-३डीचं चित्र पाहून कुणीतरी विचारतंच, “सर, याचं सौर पॅनेल एकाच बाजूला का? दुसरं मोडलं का?”

मोडलेलं नाही. ती बाजू मुद्दाम मोकळी ठेवली आहे, आणि या उपग्रहाच्या आराखड्यातला हाच निर्णय मला सगळ्यात देखणा वाटतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगतून वर सरकत होतं, तेव्हा त्याची चित्रं रात्रीही मिळत होती. अंधारातसुद्धा समुद्र, जमीन, ढग आपापल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडतच असतात. त्यांचा भर दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपास असतो, म्हणून उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या सहा तरंगलांबी-पट्ट्यांपैकी दोन १०.३ ते १२.५ मायक्रॉनच्या दरम्यान ठेवल्या आहेत. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड. वादळ किती जोरात आहे याचा अंदाज त्यावरूनच येतो.

पण कॅमेरासुद्धा एक वस्तूच आहे. त्याचा डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, उबदार राहिला तर त्या उष्णतेनेच आत इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि ३६,००० किलोमीटरवरून आलेले क्षीण किरण त्या गोंधळात हरवतात. त्याला उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं. यंत्राने थंड करायचं तर वीज लागते, कंपनं होतात, भाग झिजतात. आणि तिथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून रेडिएंट कूलर. रिकाम्या आकाशाकडे तोंड केलेला एक पत्रा, जो उष्णता अवकाशात सोडत राहतो. हलणारा भाग एकही नाही. अट एवढीच, की त्याला सूर्य दिसता कामा नये, पृथ्वी नाही आणि तापलेलं सौर पॅनेलही नाही. म्हणूनच कूलरच्या बाजूला पॅनेल ठेवलेलं नाही.

याची किंमत मोजावी लागते. एकाच बाजूच्या पॅनेलवर सूर्यप्रकाशाचा दाब पडून उपग्रह हळूहळू वळू लागतो. आधीच्या इन्सॅटमध्ये तो तोल सावरायला दुसऱ्या बाजूला लांब दांडा आणि त्याच्या टोकाला छोटंसं शीड असे.

सूर्याचा प्रश्न तरीही उरतोच, कारण कूलरचं तोंड उत्तरेकडे असेल, तर वर्षातला अर्धा काळ सूर्यही उत्तरेलाच असतो. म्हणून इन्सॅट-३डी वर्षातून दोनदा अख्खाच्या अख्खा १८० अंशांत फिरवायची सोय केली: सूर्य उत्तरेला गेला की कूलर दक्षिणेकडे, दक्षिणेला गेला की उत्तरेकडे.