आईच्या रागाची पाणीपातळी

सोमवार, रात्र

शनिवारचं रेकॉर्डिंग आज उतरवून काढलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॅफेत दोन टेबलं सरकवून केलेल्या जागेत मी स्टँडअप करायला उभी होते, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं कागदावर आणायला जेवणानंतरचा सगळा वेळ गेला. पहिल्यांदा नुसतं ऐकते. मग शब्दन् शब्द लिहून घेते, मधले ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बघा’ यांच्यासकट. शेवटी लाल पेन घेऊन जिथं हशा आला तिथं रेघ मारते आणि मला जिथं अपेक्षित होता पण आला नाही तिथं गोल करते. गोल जास्त महत्त्वाचे. रेघांपाशी काम संपलेलं असतं.

पाच मिनिटांत सहाशे-साडेसहाशे शब्द बसतात. लोक हसले तर त्याहून कमी, कारण हसायलाही वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपण गप्प राहायचं असतं. मला लिहिण्यापेक्षा हे गप्प राहणं शिकायला जास्त दिवस लागताहेत. हशा वर चढतो, टिकतो, उतरायला लागतो. पूर्ण उतरायच्या आत पुढचं वाक्य यायला पाहिजे. आधी आलं तर कुणाला ऐकू येत नाही, उशिरा आलं तर सभा थंड होते.

मावशी परवा म्हणाली, “तुला काय अवघड आहे त्यात? घरात पण अशीच बोलतीस की!” कौतुकानंच म्हणाली. पण घरातले हसतात ते त्यांना आई माहीत आहे, बाबा माहीत आहेत, आमचा स्वयंपाकघरातला कट्टा माहीत आहे म्हणून. कॅफेतल्या पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं. अर्ध्या मिनिटात त्याच्यापुढं माझी आई उभी करायची आणि तीही अशी, की त्याला स्वतःची आई दिसावी.

रेकॉर्डिंगमधली सगळ्यांत लांब लाल रेघ ‘जनावरं सोडा’वर आहे. त्याबद्दल उद्या लिहीन. आज डोकं चालत नाही.

मंगळवार

सध्या सगळं काम पुराच्या विनोदावर चाललंय. आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी प्रत्येकाला तोंडपाठ असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. शाळेतल्या पोराला पाढे येणार नाहीत, पण हे दोन आकडे येतात. मुंबईची आत्या फोन करते तेव्हा ‘बरी आहेस का’ म्हणत नाही, ‘किती फूट?’ म्हणते. विनोदाचं मूळ तिथं सापडलं. आमच्या आईचा रागही फुटांत मोजायचा.

पहिला खर्डा पाऊण पानाचा होता. त्यात पंचगंगेला पाणी कुठून येतं ते होतं, आत्याचा सगळा फोन होता, आईला कशाकशाचा राग येतो त्याची यादी होती. आज स्टेजवर उरलंय ते एवढंच:

“आमच्यात पावसाळ्यात तब्येत कोण विचारत नाही. फूट विचारतात. आईचा राग पण आम्ही फुटांतच मोजतो. आवाज चढला, ३९. इशारा. आवाज बंद, नुसती भांडी वाजाय लागली… ४३.”

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. साच्यात धातू ओतताना रायझर म्हणून जादा धातूचा खांब ठेवतात. कास्टिंग थंड होताना आकसतं, तेव्हा तो त्याला धातू पुरवतो. तो नसेल तर माल पोकळ निघतो. पण माल तयार झाला की रायझर कापून टाकायचा, मग फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, त्याची उरलेली खूण घासायची. पाऊण पानातलं जे कापलं ते असंच होतं. आत्याचा अख्खा फोन मी लिहिला नसता तर ‘फूट विचारतात’ ही दोन शब्दांची थाप हाताला लागली नसती. म्हणून खर्डा लांब झाला तर मी आता घाबरत नाही. कापायची सवय ठेवली की झालं.

तर, ४३ नंतर पुढचं वाक्य होतं: “बाबा ओरडतात, जनावरं सोडा!”

यावर कॅफे हलला. मला थांबावं लागलं. इतका मोठा हशा त्या जागेत मला याआधी आला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर एक काका थांबले होते. भाच्याबरोबर आले होते, प्रयाग चिखलीचे. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांचं घर पाण्यात होतं. २०२१ ला परत पाण्यात गेलं. ते म्हणाले, “पोरी, चांगलं बोलतीस. आईचं लई आवडलं. तेवढं जनावरं सोडा म्हणू नगंस. दावं मी कापलं हुतं म्हशीचं. एक आली, एक न्हाई आली.” रागानं बोलले नाहीत. भाच्यानं गाडी काढली आणि ते गेले.

ते वाक्य काढलंय. लिहायला सोपं वाटतं, पण पाच मिनिटांचा सगळा सेट त्या हशाच्या दिशेनं चढवत नेलेला होता, त्यामुळं आता वर चढून पुढं रस्ताच नाही. असं असलं तरी ते परत येणार नाही. ज्या माणसानं रात्री कमरेएवढ्या पाण्यात दावं कापलं, त्याच्यासमोर बसून हसता येईल असंच मला लिहायचंय. पुराचा विषय सोडून द्यावा का, हाही विचार केला. पण त्यांनीच सांगितलं की आईचं आवडलं. म्हणजे पाण्यावर हसायला त्यांची ना नाही. आणि ‘किती फूट’ विचारत विचारतच आपण सगळे त्या दिवसांतून निघालो, हेही खरं आहे.

एक मात्र वहीत लिहून ठेवलं. पाणी खरोखर ३९ ओलांडून गेलं की तेवढे दिवस हा विनोद करायचा नाही.

बुधवार

सेकंड शिफ्ट. काही लिहिलं नाही. कंपनीच्या गाडीत मागं दोघांचं भांडण चाललं होतं, त्यातलं एक वाक्य रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर टिपलं: “मी रागावलोय हे तुला कळलं न्हाई म्हणून रागावलोय.” कुठं बसेल माहीत नाही. डब्यात टाकलं.

गुरुवार

डब्याचं लिहायचं राहिलं. रद्दीतल्या तपासणी रिपोर्टांचे तुकडे करून मी त्यावर एकेक विनोद लिहिते आणि विषयाप्रमाणे लावते: आई, पूर, कंपनी, लग्नं, एसटी. ही कल्पना फिलिस डिलर यांची. अमेरिकेतली ही बाई १९५५ साली वयाच्या ३७ व्या वर्षी, पोराबाळांचा संसार सांभाळत पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली. तिनं आयुष्यभर विनोद कार्डांवर टाइप करून लोखंडी कपाटाच्या खणांत लावून ठेवले. पन्नास हजारांहून जास्त कार्डं, आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहेत. मला तो आकडा बघून धीर आला. हजरजबाबी म्हणून जगभर नाव असलेली बाई घरी बसून खणात कार्डं लावत होती.

आज सुट्टी, म्हणून सकाळपासून ४३ च्या पुढं काय, एवढंच. पंधरा-वीस पर्याय लिहिले असतील. ‘स्थलांतर’ लिहिलं, खोडलं, कारण तेही छावणीतल्या माणसाचंच आहे. कलेक्टर आणले, एनडीआरएफची बोट आणली. सगळं बाहेरून आणलेलं वाटत होतं. मुळात राग आईचा आहे, तर पुढचं पाऊलही आईनंच टाकायला पाहिजे. गप्प बसलेली आई पुढं काय करते? बोलते. तासाभरानं बोलते आणि मग दहा वर्षांपूर्वीचंही काढते.

आणि मग राधानगरी सुचली! धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी भरलं की आपोआप उघडतात, कुणी माणूस लागत नाही. “चार नंबरचा दरवाजा उघडला” अशी बातमी आली की सगळा जिल्हा कान टवकारतो. तर:

“तासाभरानं आई बोलती. राधानगरी. सातच्या सात दरवाजे. आणि कुणी उघडाय लागत न्हाई. आपोआप.”

मोठ्यानं म्हटलं. आई भाजी निवडत होती, म्हणाली, “माझ्या रागाला फूट लावलं ते लावलं, आता धरण बी बांधलं व्हय गं?” आणि हसली. तिला सगळं वाचून दाखवल्याशिवाय मी तिच्याबद्दलचं काहीही स्टेजवर नेत नाही. काही गोष्टी तिनं काढायला लावल्या आहेत, त्या डब्यातही ठेवलेल्या नाहीत.

‘आपोआप’ शेवटी ठेवायला मला दुपार लागली. कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. “ते दरवाजे आपोआप उघडतात” म्हटलं की लोक ‘आपोआप’ला हसायला सुरुवात करतात आणि मी अजून ‘उघडतात’ म्हणत असते. मग लोक तो हशा गिळतात. इंग्रजीत शिकवणारे सांगतात, हसवणारा शब्द शेवटी ठेवा. मराठीत तिथं ‘आहे’, ‘होतं’, ‘म्हणाली’ आधीच येऊन बसलेलं असतं. मग क्रियापद गाळायचं, नाहीतर आधी उरकून घ्यायचं. आपली बोलीतली माणसं हे न शिकता करतात. “आली की नाचत, हातात लाटणं!” असं आजी म्हणायची. क्रियापद पहिलं, लाटणं शेवटी.

संध्याकाळी शंकर पाटलांच्या कथाकथनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. पट्टणकोडोलीचा माणूस, आपल्या जिल्ह्यातला. द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि ते, असे तिघं मिळून गावोगाव कथा सांगत फिरले. त्यांना हशाची घाई नाही. गावाकडचा माणूस पारावर बसून सांगावा तसं सांगत जातात, आणि लोक वाक्याच्या आधीच हसायच्या तयारीत असतात. एवढा विश्वास ऐकणाऱ्याला वाटायला किती गावं फिरावी लागली असतील त्यांना! ही परंपरा आपल्याकडं असताना स्टँडअप हे मुंबई-पुण्याचं खूळ आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. एकट्यानं उभं राहून लोकांना हसवणं या मातीत जुनं आहे.

नंतर बाहेर जाऊन येताना खासबागेवरून आले. केशवराव भोसले नाट्यगृहापाशी नेहमीसारखी थांबले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. पुनर्बांधणी सुरू झाल्याचं वाचलं तेव्हा घरात सगळ्यांनाच आनंद झाला होता. बाबांनी मला पहिलं नाटक तिथं दाखवलं. अख्खं नाट्यगृह एकाच वेळी हसतं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. तिथं उभं राहायचंय मला. लिहूनच ठेवते.

शनिवार, पुणे

सकाळच्या एसटीनं आले. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हायवेची कामं, स्वारगेटला उतरेपर्यंत पाठ धरली. ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन उभं राहावं अशा कार्यक्रमाला, सहा मिनिटं मिळतात. एवढ्यासाठी एवढं का, तर कोल्हापुरात तोच तोच कॅफे आणि बरीचशी तीच तीच माणसं. अनोळखी माणसाकडूनच कळतं की वाक्य हसवतंय की ओळख.

अडचण उघड होती. पुण्यात ३९-४३ कुणाला माहीत नाही, राधानगरीचे दरवाजे तर नाहीच. खडकवासला घालावा असं इथल्या एकानं सुचवलं. खडकवासल्याचा विसर्ग इथं सगळ्यांना कळतो, हे बरोबर. पण माझी आई खडकवासल्याची नाही. ती बोलायला लागते तेव्हा राधानगरीच असते. म्हणून गाडीत क्रम बदलला. सुरुवातीलाच, आईचं नावही न काढता, कोल्हापूरची ओळख म्हणून दोन वाक्यं टाकली: आमच्या नदीला दोन आकडे आहेत, आणि वरच्या धरणाला सात दरवाजे आहेत, ते आपोआप उघडतात. तिथं कुणी हसायचं नव्हतंच. मग तीन मिनिटं एसटी आणि कंपनी. आणि मग आई.

४३ ला हसले. मग मी थांबले. “तासाभरानं आई बोलती.” परत थांबले. पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्या आधीच “दरवाजे!” म्हणाली आणि सगळे तिच्याबरोबर फुटले. मी ‘राधानगरी’ म्हटलंच नाही, म्हणायची गरज उरली नव्हती. हशा उतरायला लागल्यावर फक्त “आपोआप” म्हटलं.

रविवार

रेकॉर्डिंग एसटीतच ऐकलं. ‘जनावरं सोडा’एवढी लांब रेघ नाही. त्याच्यापेक्षा थोडी कमी आहे, पण दोनदा आहे, एकदा त्या मुलीच्या शब्दावर आणि एकदा ‘आपोआप’वर. एसटीचा भाग मधे सैल पडतोय, तिथं सलग तीन गोल आले. कंडक्टरचा किस्सा मला प्रिय आहे, पण तो आईच्या वाटेत उभा राहतोय. काढून डब्यात ठेवला.

पुढच्या शनिवारी राजारामपुरीत हाच क्रम लावणार. तिथं बंधारा आणि धरण समजवावं लागणार नाही, म्हणजे वीसेक सेकंद मोकळे होतील. त्या जागेत बाबांना आणायचंय. चहाच्या आधी मोबाईलवर पातळी बघून ती सगळ्या घराला ऐकू जाईल अशी वाचणारे बाबा. आईला विचारून झालंय. बाबांना संध्याकाळी विचारते.