मुंबई–कोलकाता वाटेचा एक तुकडा: जाताना २७ मिनिटं, येताना ३५

विमानाला जाताना नि येताना लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून वरचा वारा मोजायचा, असं मनात होतं. मुंबई–कोलकाता हवाई अंतर हॅव्हरसाइनने (गोलावरचं अंतर काढायच्या सूत्राने) काढलं की येतं १,६६५ किलोमीटर, म्हणजे जेमतेम ९०० नॉटिकल मैल. हे पाच मिनिटांत झालं. वेळेपाशी मात्र महिनाभर गाडी अडली, कारण मी वेळापत्रक धरून बसलो होतो. त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवरचं चालणं), रांग, वरची राखीव मिनिटं सगळं मुरलेलं. शिवाय कोलकात्याच्या धावपट्ट्या दक्षिणोत्तर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्याला उतरण्याआधी वळण आलंच. एवढ्या पसाऱ्यात वारा कुठून दिसणार?

म्हणून डिसेंबरात पद्धत बदलली. ही सरळ रेघ नागपूरच्या थोडी दक्षिणेकडून जाते आणि माझी गच्ची नागपुरातच आहे. १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर विमान स्वतःच आपली जागा, उंची नि वेग सांगत असतं. ७७ अंश रेखांश ओलांडला की घड्याळ सुरू, ८१ ला बंद. परतीला उलट. मधलं अंतर साधारण ४२५ किमी. ३३ ते ३८ हजार फुटांवर सरळ चाललेली एअरबस ए३२० विमानं तेवढी मोजायची.

सुरुवातीला ८० अंशांपुढे विमानं गायबच व्हायची. रिसीव्हर बदलला, केबल बदलली, सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं. शेवटी टाकी धुवायला आलेल्या पोराने विचारलं, "काका, हा दांडा टाकीच्या आड कायले लावला?" टाकी अँटेनाच्या बरोबर पूर्वेला! अँटेनाचा पाइप दीड मीटर वाढवला.

जानेवारीची सरासरी: कोलकात्याकडे २७ मिनिटं, मुंबईकडे ३५. जमिनीसापेक्ष वेग जाताना ५१० नॉट (तासाला नॉटिकल मैल), येताना ३९०. वारा एकीकडे वेगात भर घालतो, दुसरीकडे तेवढाच कापतो. दोन्हींतला फरक निम्मा केला की ६० नॉटचा पश्चिमवारा हाती लागतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर असलेल्या जेट प्रवाहाची (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याची) ही दक्षिणेकडची कड. पूर्ण मार्गावर हिशेब केला तर तीसेक मिनिटांचा फरक पडतो.

खरी मजा जुलैत आली. जाताना ३१, येताना ३०. चक्क उलटं! आधी वाटलं, रकाने अदलाबदल झाले. तसं नव्हतं, पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली ज्या पूर्वेकडच्या जेट प्रवाहावर लिहिलं, तो दक्षिणेत आणि विमानांच्याही वर वाहतो. आमच्या वाट्याला त्याचं शेपूट येतं.

जाता जाता: १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रासहून नागपुरात येत, थैल्या बदलून परत फिरत. ती डाकोटा बरीच खालून उडायची, त्यामुळे या उंचीवरचा वारा त्यांना भेटतच नसे.

आता पश्चिमवारा परततो तो आठवडा पकडायचा आहे. सप्टेंबर संपत आला की रोज दोन्ही दिशांची निदान चार-चार विमानं मोजणार. परवाच्या वादळात पाइप थोडा कलला आहे, तो आधी सरळ करतो.