ताडपत्री दुपारी वेगळी, रात्री वेगळी

कॅम्पिंगला निघताना आमच्याकडे तंबूच्या आधी ताडपत्री भरली जाते. आई सोबत असते आणि तिला दुपारी तासभर आडवं व्हावं लागतं. भर उन्हात तंबूत ते जमत नाही. हवा कोंडते, कापड तापतं, जीव घुसमटतो. तिला हवी असते चारही बाजूंनी मोकळी सावली, आणि ती तंबूपेक्षा ताडपत्रीखालीच मिळते.

पण ताडपत्री म्हणजे एकदा ताणली आणि दिवसभर विसरली, असं नाही. उन्हाची बांधणी आणि पावसाची बांधणी एकमेकींच्या अगदी उलट. उन्हात कापड उंच हवं, म्हणजे खालून वारा खेळतो. पावसावाऱ्यात तेच कापड खाली आणि उतरतं हवं. त्यामुळे मी कापडापेक्षा दोऱ्या आणि गाठींकडे जास्त लक्ष देते.

आधी सावलीचं सांगते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. कापड 2 मीटर उंचीवर सपाट ताणलं, तर सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असताना सावली 2 मीटर बाजूला पडते. तो 30 अंशांवर उतरला की जवळजवळ साडेतीन मीटर. म्हणजे 3 बाय 3 मीटरच्या ताडपत्रीखाली तेव्हा सावली उरलेलीच नसते. ती पलीकडे कुणी बसलेलं नाही तिथे पडलेली असते. म्हणून दुपार कलायला लागली की मी पश्चिमेची कड खाली ओढते. पार जमिनीला टेकवत नाही, खालून वारा यायला फट ठेवते. सकाळी हेच पूर्वेच्या बाजूला. गडद रंगाचं कापड ऊन शोषून स्वतः तापतं आणि ती धग खाली जाणवते. त्यावर उपाय म्हणजे वीतभर अंतर सोडून वर आणखी एक हलकं कापड बांधायचं. ऊन वरच्यावर अडतं, मधल्या फटीतून वारा जातो. आईच्या डोक्यावर मी नेहमी अशी दुहेरी सावली करते. वजन वाढतं, वाढू दे.

पावसात सपाट बांधणी धोक्याची. 9 चौरस मीटर कापडावर नुसता 1 मिलिमीटर पाऊस झाला तरी 9 लिटर पाणी होतं, म्हणजे 9 किलो. ते झोळात साचलं की झोळ वाढतो, मग आणखी पाणी साचतं. पहिले थेंब पडताच एक कोपरा खाली घ्यायचा, म्हणजे पाणी आपण ठरवू तिथेच उतरतं. नायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे अर्ध्या तासाने पुन्हा ताण द्यावा लागतो. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ढिलं होतं. आणि पाणी दोरीवरूनही आत चालत येतं. आडव्या दोरीला, कापडाच्या जरा अलीकडे, सुतळीचा छोटा तुकडा लोंबता बांधला की ते तिथेच ठिबकून जातं.

वाऱ्याचं मात्र मला खरंच भय वाटतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा एवढ्याच कापडावर समोरून आदळला, तर ढोबळमानाने 50 किलोहून जास्त जोर बसतो. बुटकी बाजू वाऱ्याकडे करायची, आणि तरीही खुंट्या हलायला लागल्या तर सरळ उतरवून ठेवायची.

हे सगळं झटपट व्हायचं तर गाठी तशाच हव्यात. दोन झाडांमध्ये आढ्याची दोरी, आणि त्या दोरीवर कापड धरून ठेवायला प्रुसिकचे दोन फास. ही गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती 1931 मध्ये प्रसिद्ध केली. ताण असेपर्यंत घट्ट धरते, ताण काढला की सरकते. खुंटीकडच्या दोरीला ताण कमीजास्त करता येईल अशी सरकगाठ. झाडाकडचं टोक एका ओढीत सुटणारं, कारण काळोखात, भिजलेल्या हातांनी निरगाठ सुटत नाही. खुंटीचं डोकं कापडापासून बाहेर कललेलं ठेवायचं. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधते, रात्री आई अडखळू नये म्हणून. कोपऱ्याची कडी निखळली असेल तर कापडात गुळगुळीत गोटा धरून त्याच्या मानेला दोरी बांधावी. ते कडीपेक्षाही टिकतं असा माझा अनुभव आहे.

जागा निवडताना वर बघा: वाळक्या फांदीखाली नको. विजा असतील तर एकट्या उंच झाडापासून लांब. नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं, म्हणून चूल बाहेरच.

घरी आल्यावर ताडपत्री पूर्ण वाळवूनच घडी घालते, आणि तीही सावलीत, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होतं. ओली गुंडाळली तर बुरशी धरते. कड्यांभोवतीचं कापड बोटांनी चाचपून बघते, फाटायला बहुतेक तिथूनच लागतं. दोऱ्या वेगळ्या पिशवीत, सामानात सगळ्यात वर.