तुम्ही विचारलंत म्हणून: खेळणारी मुलं कॉलेज कशावरून ठरवतात?

अमेरिकेत शाळकरी मुलांना टेनिस शिकवतो म्हटलं की आपली मंडळी हमखास विचारतात, "ही मुलं कॉलेज कशावरून ठरवतात हो? जिथे स्कॉलरशिप जास्त तिथेच ना?"

पैसा लागतोच, पण टेनिसमध्ये, विशेषतः मुलग्यांना, तो मिळतो तुकड्यातुकड्यांत. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटात, २०२५ पर्यंत मुलग्यांच्या अख्ख्या संघाला मिळून साडेचार स्कॉलरशिप देता येत आणि खेळाडू असत आठ-दहा. मुलींच्या संघाला मात्र आठ, त्याही पूर्ण. मुलग्यांच्या वाट्यातून अमेरिकन फुटबॉलचा बडा संघ एकटाच ८५ घेऊन जाई आणि शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करू न देणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या पारड्यातही तेवढं टाकणं भाग पडे. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या दाव्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरलेली नाही. मर्यादा आहे ती संघातल्या जागांवर. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित कॉलेजं) आणि सर्वात खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी दमडी मिळत नाही. तरी मुलं तिकडे धावतात, कारण कोचने शब्द टाकला तर प्रवेश सोपा होतो.

मुलांशी एकट्यात बोललं की वेगळंच निघतं. पहिली चिंता, खेळायला मिळेल का? सामन्यात सहा सिंगल्स आणि तीन डबल्स. सातव्या क्रमांकाचा सिंगल्सवाला बाकावर. त्यामुळे हुशार मुलं कॉलेजच्या रँकिंगआधी संघाची यादी उघडतात आणि यंदा कितीजण पदवी घेऊन बाहेर पडणार ते मोजतात. हल्ली तेवढ्यानेही भागत नाही. २०२४ पासून अभ्यास धड असेल तर खेळाडू वर्ष वाया न घालवता कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. मग रिकाम्या जागेवर सतरा वर्षांचं नवखं पोर कोच कशाला घेईल? त्याला ट्रान्सफर पोर्टलमधला, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतला, तयार गडी मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द कोच. दहावी संपली की १५ जूनपासून त्यांना मुलांशी थेट बोलता येतं. त्या दिवशी पहिला फोन ज्याचा आला, तो कोच मुलांच्या मनात घर करतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याचंच आणि सगळ्यात कच्चा धागाही हाच. चांगला कोच मोठ्या कॉलेजने पळवला की मुलगा मागे राहतो.

मग भेट. कॉलेजच्या खर्चाने दोन दिवस जायचं, संघातल्या मुलांबरोबर राहायचं. आईवडील लायब्ररी बघतात, मुलगा बघतो की जेवताना ही मुलं एकमेकांशी कशी बोलतात. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो आणि त्यात वावगं काही नाही. चार वर्षं यांच्याबरोबरच बसने हिंडायचं आहे.

इथे एक ठरलेला प्रश्न विचारतात, पाय मोडला आणि खेळ सुटला, तरी याच कॉलेजात शिकशील का? प्रश्न चांगला आहे, पण सतरा वर्षांच्या मुलाला आपला पाय मोडेल असं वाटतच नाही. म्हणून मी त्याला भेटीत संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठायला सांगतो. सरावाची मर्यादा हंगामात आठवड्याला २० तास, पण प्रवास त्यात धरत नाहीत. दुपारची लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर काय करता, हे त्याला विचार, असं मी म्हणतो. आणि आपल्या घरी इंजिनिअरिंगशिवाय दुसरं काही ठाऊक नसतं, तेव्हा संघात इंजिनिअरिंग करणारं कोणी आहे का, हेही विचार.