अकारविल्हे यादी, पाच भाषा आणि ‘ळ’ची जागा

मंडळी, मागच्या नोंदीत म्हटलं होतं की नोकरीसाठी कोणती प्रोग्रामिंग भाषा पक्की करायची हे तुलनेचे व्हिडिओ बघून ठरवायचं नाही. एकच काम सगळ्या भाषांकडून करून घ्यायचं आणि मग बोलायचं. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो आणि रस्ट एवढ्यांना उभं केलं. सी प्लस प्लस मुद्दाम सोडली. एका वेळी किती आघाड्या उघडायच्या?

काम असं: आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी. एक्सेलमध्ये आहे, अनेक वर्षं अनेक हातांनी टाइप केलेली. त्यातून शीर्षकांतले शब्द सुटे करायचे, दोनदा चढलेली पुस्तकं शोधायची आणि सगळं अकारविल्हे लावून द्यायचं. माहिती मराठी घेतली याला कारण आहे. इंग्रजी शब्दांवर चालवलं तर पाचही भाषा सारख्याच गुणी दिसतात. देवनागरी समोर ठेवली की प्रत्येकीचा स्वभाव बाहेर येतो.

सुरुवात पायथनने. फाइल उघडून ओळी वाचेपर्यंत चहासुद्धा गार झाला नाही. पहिल्या रकान्याच्या नावाला मात्र एक अदृश्य खूण चिकटली होती. एक्सेल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, जतन करताना सुरुवातीला ती टाकतं. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ सांगितलं की जाते. खरी गंमत शब्द सुटे करताना. नेहमीचा रेगेक्स (मजकुरात शोधायचा नमुना), बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अधिक, म्हणजे ‘शब्दातली सलग चिन्हं’, ‘मराठी’वर चालवला तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात आले. काना आणि वेलांटी गायब! पायथनच्या अंगभूत रेगेक्सच्या लेखी शब्दात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच येतं, आणि काना-वेलांटी युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात आहेत. वेगळं बसवायचं ‘रेजेक्स’ नावाचं मोड्यूल घेतलं की प्रश्न सुटतो. रस्टच्या रेगेक्स क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे तिथलं तयार कोडचं गाठोडं) तोच नमुना पहिल्याच फटक्यात अख्खा शब्द देतो, कारण तिथे मार्क शब्दातच धरलेत. जावामध्ये युनिकोडचा फ्लॅग (जादा सूचना) लावावा लागतो. गो आणि जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. तिथे ‘अक्षर किंवा मार्क’ असा वर्ग स्वतः लिहायचा.

लांबीचं प्रकरण तर सगळ्यांनी एकदा करून बघाच. ‘नमस्ते’ची लांबी पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात, गो आणि रस्ट १८. आपण मोजली तर अक्षरं तीन. चूक कुणाचीच नाही. गो आणि रस्ट बाइट मोजतात आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. यूटीएफ-८ची रचना १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली, आणि पुढे २००९मध्ये जाहीर झालेल्या गोच्या तीन जनकांपैकी दोघे हेच. मग गोची स्ट्रिंग बाइटची माळ निघावी यात नवल नाही. जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५च्या. तेव्हा अख्खं युनिकोड १६ बिटांत मावेल असा हिशेब होता. म्हणून त्या आजही १६ बिटांचे तुकडे मोजतात आणि बहुतेक इमोजींची लांबी २ किंवा जास्त सांगतात. आपली तीन अक्षरं मोजायला ‘ग्राफीम’ (वाचकाला एकच वाटणारं अक्षर) मोजणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, तीही ताजी. ‘स्ते’सारखं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या लायब्ऱ्या ४ म्हणतात. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीसाठी शीर्षक वीस अक्षरांवर कापायचं असेल तर हे माहीत हवं, नाहीतर पाय मोडलेला ‘स्’ छापून येतो.

दाखल क्रमांक काहींनी देवनागरी आकड्यांत टाइप केलेत. ‘१२३’चा पूर्णांक करून मागितला तर पायथन आणि जावा मुकाट्याने १२३ देतात. गो आणि रस्ट एरर देऊन हात वर करतात. जावास्क्रिप्ट ‘नॅन’ (हा आकडा नाही) देते आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागते. मला यातली गोची पद्धत सगळ्यात पटली. जमत नसेल तर तोंडावर सांगावं.

दोनदा चढलेली पुस्तकं शोधताना ‘दुसऱ्या’ने अडवलं. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा वेगळा ‘ऱ’ असतो, तेव्हा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, ७. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, तेव्हा ८. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण पाचांपैकी कुठल्याही भाषेला विचारा, ते वेगळेच. एनएफसी नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायच्या युनिकोडच्या पद्धतीनेही) ते एक होत नाहीत, आपणच एक रूप ठरवून बदलून घ्यावं लागतं. इथे भाषा बदलून काडीचा फरक पडला नाही, आणि माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पायथन की जावा या वादात आपण जेवढा जीव खर्च करतो, त्याच्या निम्मा तरी समोरची माहिती समजून घ्यायला द्यावा.

आता क्रम. कुठल्याही भाषेचं साधं सॉर्ट कोडपॉइंटच्या क्रमांकाप्रमाणे लावतं आणि युनिकोडमध्ये ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. म्हणून ‘कळस’ आधी, मग ‘कविता’, मग ‘कहाणी’. पहिला प्रिंट घेऊन गेलो तर ग्रंथपाल काकूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, ळ हच्या नंतर येतो. आणि क्ष, ज्ञ शेवटी. आमच्या रजिस्टरात बघ की.” जावामध्ये यासाठी ‘रूलबेस्ड कोलेटर’ (आपण दिलेल्या नियमांनी क्रम लावणारा) आयता मिळतो. वर्णमाला काने-मात्रांसकट एका ओळीत नियम म्हणून लिहून दिली, शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ. तीन कोडपॉइंटांचा क्ष एक अक्षर म्हणून त्याने निमूट स्वीकारला. पायथनमध्ये तेच काम छोट्या की-फंक्शनने (प्रत्येक शब्दाची क्रमातली जागा सांगणाऱ्या) केलं, ओळी कमी लागल्या. जावास्क्रिप्टलाही मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) सांगून कोलेटर मागता येतो. रस्टमध्ये इथवर पोचलो, पण कंपायलरशी मालकी हक्काचे (कुठली माहिती कोडच्या कुठल्या भागाच्या ताब्यात, याचे) वाद घालण्यातच रविवार जायचा. तो आनंद वेगळा आहे, पगाराशी त्याचा आज तरी संबंध जोडत नाही.

मग सहज म्हणून यादी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकली, आणि जे शोधायला प्रत्येक भाषेत लूप लिहिले होते ते एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत ‘ग्रुप बाय’ आणि ‘हॅविंग काउंट’ अशा दोन ओळींत समोर आलं. क्रमासाठी पायथनमधलं फंक्शन कोलेशन (क्रमाचा नियम) म्हणून एसक्यूलाइटला देताही येतं. एसक्यूएलचा पाया आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४मध्ये घातला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठी. भाषांच्या याद्यांमध्ये तिला कुणी धरत नाही, क्लासवालेही शेवटच्या आठवड्यात उरकतात. पण पुण्या-मुंबईच्या जाहिराती उघडून बसा: वर जावा आणि स्प्रिंग बूट (जावातला वेबसाठीचा तयार सांगाडा) असो, पायथन असो की नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट), खालच्या ओळीत एसक्यूएल आहेच.

तर माझा निर्णय. एसक्यूएल आधी, आणि जॉइन (तक्ते एकमेकांना जोडणं) झोपेत विचारले तरी यावेत इतकी. तिच्या जोडीला जावा पक्की करायची, कारण मला बँकिंगच्या बाजूला जायचंय आणि तिथे जावाचं राज्य आहे. पायथन हाताशी राहीलच, अशा फुटकळ कामांना तिच्यासारखी दुसरी नाही. डेटाच्या कामात शिरायचं असेल त्यांनी तीच मुख्य धरावी. पडद्यावरचं काम आवडणाऱ्यांना जावास्क्रिप्ट आणि तिच्यापाठोपाठ टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार तपासणारं तिचंच रूप) चुकणार नाही. गो मोहात पाडते. डॉकर आणि कुबरनेटीस (सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची साधनं) दोन्ही तिच्यात लिहिलेले, त्यामुळे क्लाउडकडे वळलो तर ती पुढची. फ्रेशर म्हणून तिच्या भरवशावर बसायची माझी तरी हिंमत नाही. रस्ट २०२२च्या शेवटी लिनक्सच्या ६.१ कर्नलात (गाभ्यात) पोचली, मान आहे, पण ती रविवारचीच.

पुढचं काम स्प्रिंग बूटवर शोधाचं पान. अडचण आत्ताच दिसतेय: वाचनालयात १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं भरपूर, त्यांच्यावर ‘कवि’ ऱ्हस्व, नव्यांवर ‘कवी’ दीर्घ. वाचकाने काहीही टाइप केलं तरी दोन्ही सापडायला हवीत. तूर्त विचार असा की शोधापुरता एक वेगळा रकाना करायचा आणि त्यात सगळी वेलांटी-उकार ऱ्हस्व करून ठेवायचे. ‘दिन’ आणि ‘दीन’ त्यात एकत्र येतील, तेवढं चालवून घेऊ. कुणी याहून बरं काही केलं असेल तर सांगा, पान सुरू करायच्या आधी कळलेलं बरं.